जिवाची लक्षणे आणि माळकऱ्याचे ताट

गळ्यात तुळशीची माळ आहे म्हटल्यावर हा प्रश्न तुम्हाला कधी ना कधी ऐकावा लागलाच असेल. लग्नाची पंगत असते, कामावरची जेवणाची सुट्टी असते, नाहीतर वसतिगृहाची खानावळ असते. तुम्ही आपले ताट जरा बाजूला घेऊन बसता आणि समोरचा हसत म्हणतो, "काय बुवा, कोंबडीला जीव आहे म्हणून खात नाही, मग मेथीला काय जीव नाही का?" बाकीचे हसतात. आपणही हसतो आणि भाकरी मोडतो. कोणी हजरजबाबी असेल तर उत्तर देतो. पण ते उत्तर बहुतेकदा समोरच्याला गप्प करण्यापुरते असते; देणाऱ्याला स्वतःला ते पटलेले असतेच असे नाही.

विचारणारा थट्टा करतो म्हणून प्रश्न थट्टेचा ठरत नाही. सर्वांभूती भगवंत आहे असे आपण रोज म्हणतो. त्या 'भूत' शब्दात मेथी येते की नाही? येत असेल तर ताटातल्या भाजीचे काय करायचे? येत नसेल तर मधे कुंपण कुठे पडले, आणि ते कोणी घातले? हा प्रश्न टाळून पुढे गेलेली भूतदया कच्ची राहते असे मला वाटते. म्हणून वाचकहो, आज थोडे वेगळ्या वाटेने जाऊ. आधी नातवंडांच्या शाळेच्या पुस्तकात डोकावू, मग माउलींच्या पायाशी येऊ.

शाळेत सजीवांची लक्षणे शिकवतात. सजीव अन्न घेतो, श्वास घेतो, वाढतो, हालचाल करतो, बाहेरच्या गोष्टींची त्याला जाणीव होते, नको ते तो शरीराबाहेर टाकतो आणि आपल्यासारखा दुसरा जीव जन्माला घालतो. शिवाय त्याचे शरीर पेशींचे बनलेले असते. मुले हे पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. आपण मात्र ही लक्षणे दळणातल्या खड्यांसारखी निवडून पाहू.

चुलीतला विस्तव घ्या. तो लाकूड खातो, हवेवाचून गुदमरतो, वाढतो, हलतो, राख मागे टाकतो आणि एका ठिणगीतून दुसरा विस्तव जन्माला घालतो. बहुतेक लक्षणे जुळली. तरी रात्री चूल विझवणाऱ्या माउलीला कोणी हिंसा केली असे म्हणत नाही. प्रसादाची खडीसाखर घ्या. दाट पाकात दोरा सोडला की त्याच्यावर खडे धरतात आणि दिवसादिवसाने मोठे होतात. वाढ झाली, पण जीव नाही. आता उलट बाजूने पाहा. खेचराला पिल्लू होत नाही. मग शेवटच्या लक्षणात ते नापास. पण ओझे वाहून वाहून पाठ सोललेल्या खेचराला जीव नाही असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? ज्या जोडप्याच्या पदरात देवाने मूल घातले नाही त्यांच्याबद्दलही समाज पूर्वी असेच काहीबाही बोलत असे, आणि अजूनही बोलतो. लक्षणांची यादी माणसाने केलेली असते. जीव त्या यादीला विचारून जन्माला येत नाही.

बियाणे तर सगळ्यांत गूढ. कणगीतला ज्वारीचा दाणा हलत नाही, वाढत नाही, काही मागत नाही. खड्यात आणि त्याच्यात डोळ्यांना फरक दिसत नाही. मृत समुद्राच्या काठी मसादा नावाचा जुना किल्ला आहे. तिथे उत्खननात खजुराच्या बिया सापडल्या, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या. त्यांतली एक २००५ साली इस्राएलमध्ये पेरली आणि तिला कोंब आला. म्हणजे आपल्या संतांच्याही कितीतरी आधीपासून ती बी गप्प बसून होती. तिच्या ठिकाणी एकही लक्षण दिसत नव्हते, आणि तरी ती गेलेली नव्हती.

मग विस्तवात नाही, खडीसाखरेत नाही, पण खेचरात आणि बियाण्यात आहे ते काय? खडीसाखर वाढते ती बाहेरून. थरावर थर बसतो, आतल्या खड्याला त्याचा पत्ता नसतो. विस्तव लाकूड खातो, पण त्या लाकडातून स्वतःसाठी काही बांधत नाही. सगळे उधळून देतो. वासरू गवत खाते आणि त्या गवताचे वासरूच होते. तेच गवत शेळीने खाल्ले की त्याची शेळी होते. परके घ्यायचे, ते मोडायचे, त्यातले हवे ते आपले करायचे, नको ते परत द्यायचे, आणि हे सतत करत राहायचे, हे जिवाचे खरे काम आहे. बाकीची लक्षणे या एका कामाच्या फांद्या आहेत.

हे ऐकायला सोपे वाटते, पण यातून एक चमत्कारिक गोष्ट निघते. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्यांच्या जागी नव्या येतात. आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी तर काही दिवसांतच बदलतात. मागच्या आषाढीला पंढरपुरात ज्या रक्ताने तुमचे पाय चालले, त्यातली एकही तांबडी पेशी आज तुमच्या अंगात नाही. मग 'मी' म्हणून जे टिकले ते काय?

दिंडी पाहणाऱ्याला हे कोड्यासारखे वाटू नये. दिंडीत आळंदीला निघालेले काही जण पुण्यात गळतात, काही सासवडला येऊन मिळतात, काही लोणंदला. म्हातारे विणेकरी जातात, त्यांच्या जागी दुसऱ्याच्या गळ्यात वीणा पडते. शंभर वर्षांपूर्वीच्या दिंडीतला एकही माणूस आज नाही, तरी दिंडी तीच आहे. तिचा क्रमांक तोच, मान तोच, चाल तीच. माणसे येतात-जातात म्हणूनच ती दिंडी आहे. ज्या दिवशी येणे-जाणे थांबेल त्या दिवशी तिचा फक्त फोटो उरेल. शरीराचेही तसेच आहे. जीव म्हणजे एखादी बंद पेटी नव्हे. ते उघडे दार आहे. आणि ज्याला दार उघडे ठेवावेच लागते त्याला गरज चुकत नाही. राजा असो की रानडुक्कर, तुळस असो की दह्यातले जंतू, स्वतःपुरता स्वतः असा एकही जीव या सृष्टीत नाही. झाडाला वाटते तितके स्वातंत्र्य नाही. त्यालाही ऊन, पाणी, हवा आणि माती लागतेच, आणि मातीत मेलेल्या जिवांचा अंश असतो.

हे नाते नुसते गरजेचे नाही, घराण्याचेही आहे. बैल, माणूस, वड, गांडूळ, बुरशी यांच्या पेशीपेशीत वंशाची हकिकत लिहिलेली असते आणि ती सगळीकडे एकाच चार अक्षरांच्या लिपीत असते. १९५३ मध्ये त्या लेखनाची घडण उलगडली, आणि पुढे ते वाचण्याची रीतही जवळजवळ सर्वत्र एकच असल्याचे ध्यानात आले. सगळे जीव एका मुळातून फुटले असे आज शास्त्र मानते. तुकोबांनी झाडाझुडपांना आपल्या नात्यातले मानले ते काही सूक्ष्मदर्शक लावून नव्हे. तरी नात्याची ही बाजू त्यांना कोणी सांगितली असती तर त्यांना नवल वाटले नसते, असे मला वाटते.

आता संतकथांकडे पाहू. कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेवराय तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. काशीहून रामेश्वराला नेण्याची कावड नाथमहाराजांनी वाळवंटात तळमळणाऱ्या गाढवाच्या तोंडी ओतली. या कथा आपण इतक्या वेळा ऐकतो की त्यातली एक गोष्ट नजरेतून सुटते. कुत्रा शहाणा होता म्हणून नामदेवांना त्यात देव दिसला नाही. गाढवाने काही पुण्य केले होते म्हणून नाथांनी पाणी पाजले नाही. एक भुकेला होता, एक तहानलेला होता. जिवाचे सर्वांत पहिले लक्षण जे, त्याच ठिकाणी संतांनी देव ओळखला. आपण मात्र देव शोधायला जातो ते थोर गुणांत, तेजात, सिद्धीत. पैठणच्या रेड्याची कथाही याच घराण्यातली. वेद म्हटले या चमत्काराकडे सगळे लक्ष जाते. पण त्याच्या पाठीवर पडलेल्या आसुडाचा वळ माउलींच्या अंगावर उमटला असे कथेकरी सांगतात, ते मला त्याहून मोठे वाटते.

(एक बारीकसे बोलतो, राग मानू नये. एकादशी ही भुकेची ओळख करून घेण्याचा दिवस आहे. महिन्यातून दोनदा तरी कळावे की बाहेर झाडाखाली बसलेल्या कुत्र्याला रोज काय होते. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याच लोकांनी आपल्यासाठी केलेली आहे.)

तर मेथीला जीव आहे का? आहे. यात आडपडदा ठेवू नये. आपल्या देशातल्या जगदीशचंद्र बोस यांनी हयातभर हेच दाखवले. झाडाची वाढ दहा हजार पटींनी मोठी करून दाखवणारे यंत्र त्यांनी बनवले, झाडाला उष्णतेचा, विषाचा, जखमेचा परिणाम कसा होतो ते रेघांनी काढून दाखवले, आणि १९१७ साली कोलकात्यात या संशोधनासाठी संस्था उभी केली. लाजाळूला बोट लावले की पाने मिटतात हे लहान मुलालाही ठाऊक असते. बोसांनी सांगितले की इतर झाडेही गप्प नसतात, फक्त त्यांचे बोलणे सावकाश असते.

पण इथे दुसऱ्या टोकाला जाण्याचेही कारण नाही. झाडाला मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत. त्याला बदल जाणवतो, त्याला ते उत्तर देते. परंतु सुरीखालच्या बकऱ्याला ज्या वेदना होतात तशा मेथीला होतात असे म्हणायला आधार नाही. प्रतिसाद आणि वेदना एक नव्हेत. आणि गणितही पाहावे. जनावर वाढते तेही चारा-दाणा खाऊनच. त्याने खाल्लेल्या अन्नातला ढोबळमानाने दहावा हिस्सा त्याच्या अंगी लागतो, बाकीचा त्याच्या जगण्यात खर्च होतो. म्हणजे जनावर खाणारा झाडांनाही सोडत नाही. उलट अधिकच झाडे त्याच्या ताटाला लागतात. तेव्हा 'मेथीलाही जीव आहे' हा युक्तिवाद मांसाहाराच्या बाजूने लावणाऱ्याला हे शांतपणे सांगता येते. माळकऱ्याचा नियम वेडगळ नाही. त्याने कमी जिवांवर भागते आणि कमी वेदनेवर भागते.

यावर काही जण आणखी पुढे जातात. ज्वारीचे ताट आपले आपण वाळते, कणीस पिकल्यावरच आपण कापतो; फळ तर झाडाने खाण्यासाठीच दिलेले असते, म्हणजे बी दूरवर जाते. त्यामुळे शाकाहारात हिंसा अजिबात नाही, असे ते सांगतात. ज्वारीपुरते आणि आंब्यापुरते हे खरे आहे. पण मेथीची जुडी मुळासकट उपटलेली असते. कांदा, मुळा, रताळे म्हणजे झाडाने स्वतःच्या पुढच्या दिवसांसाठी साठवलेली शिदोरीच. पिकाला लागलेली अळी मारल्याशिवाय वांगी बाजारात येत नाहीत, आणि नांगराच्या तासात किती गांडुळे जातात ते नांगऱ्यालाच विचारा. काल्याच्या एका घासातल्या दह्यात कोट्यवधी जंतू असतात. आपण मनात आणले तरी निर्दोष जेवण जेवू शकत नाही.

तुळशीच्या बाबतीत एक गैरसमज इथेच दूर करावा. तुळस रात्रंदिवस प्राणवायू सोडते असे छापून येते, कीर्तनातही ऐकू येते. ते खरे नाही. उजेडात हिरवे पान हवेतला कर्बवायू घेऊन अन्न बनवते आणि तेव्हाच प्राणवायू बाहेर पडतो. अंधारात ते काम थांबते, आणि तुळसही आपल्यासारखाच प्राणवायू घेऊन श्वास सोडते. वृंदावनातली तुळस रात्री आपल्याबरोबर श्वास घेत असते, यात तिचा कमीपणा काय झाला? ती जिवंत आहे एवढेच त्यातून ठरते. तिला थोरवी मिळवून देण्यासाठी खोट्याची गरज नाही. म्हणूनच तर सूर्यास्तानंतर तिला खुडू नये, द्वादशीला हात लावू नये, नखाने तोडू नये, हे नियम आजीने लावून दिले. आणि आपल्या गळ्यातली माळ? तीही एका झाडाच्या देहाची आहे. तुळशीचे वाळलेले खोड कापून, तासून, भोके पाडून मणी होतात. अहिंसेची खूण म्हणून जे आपण अंगावर वागवतो तेच मुळी दुसऱ्या एका जिवाचे शरीर आहे. हे मणी मोजताना एकदा आठवून पाहावे.

आता माउलींकडे येऊ. मेथीचा प्रश्न आजकालच्या पोरांनी काढलेला नाही. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली, नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. तिच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना माउली अहिंसेपाशी येतात आणि तिथे थांबतात. आधी ते इतरांच्या अहिंसेचा समाचार घेतात, आणि तो असा की वाचताना हसूही येते आणि अंगावर काटाही येतो. ही अहिंसा कशी? तर झाडाच्या फांद्या तोडायच्या आणि त्याच फांद्यांचे कुंपण त्या झाडाच्या बुंध्याला घालायचे. भूक शमवायला आपलाच हात तोडून शिजवायचा. देऊळ मोडायचे आणि त्या दगडांनी देवाभोवती आवार बांधायचे.

मग ते वैद्यकाकडे वळतात. एका जिवाचे दुखणे बरे करायचे म्हणून किती वनस्पतींचा जीव घेतला जातो ते सांगतात. कोणाची मुळे खणून काढली, कोणी पानांसकट उपटले, कोणाची साल सोलली. ज्या झाडांचे कोणाशी वैर नाही त्यांच्या अंगाला छेद दिले. हिंसेच्या भयाने पाणी गाळणाऱ्यांनाही ते सोडत नाहीत. गाळता गाळताच जीव मेले, असे म्हणतात. धान्य न शिजवणाऱ्याने स्वतःच्या प्राणाला पीडा दिली तर तीही हिंसाच, असे बजावतात. म्हणजे आपल्याला ज्या प्रश्नाने पंगतीत ओशाळायला होते तो माउलींनी स्वतःच, सातशे वर्षांपूर्वी, कोणी न विचारता मांडला आहे. आपल्यापैकी कितीजण पारायणात या ओव्यांवरून झपाट्याने पुढे जातात!

इतके सगळे मोडून काढल्यावर एखाद्याला वाटेल, माउली आता म्हणणार की अहिंसा शक्यच नाही. ते तसे म्हणत नाहीत. ते एका माणसाचे चित्र काढू लागतात. तो चालतो कसा, पाहतो कसा, बोलतो कसा, त्याचे हात कसे असतात. कमळावर भुंगा पाय टाकतो, पण आतला केसर चुरगळू नये म्हणून जपून टाकतो, तसा हा पृथ्वीवर पाऊल ठेवतो. अणूअणूत बारीक जीव भरलेले आहेत हे जाणून हा आपले पाऊल जणू करुणेत गुंडाळून टाकतो. आणि मग एक दृष्टांत येतो. व्यालेली मादी आपल्या पिल्लाला तोंडात धरून नेते, तेव्हा तिच्या दातांची टोके त्याला लागतात ती जशी, तसा या माणसाचा स्पर्श.

या दृष्टांतापाशी मी नेहमी अडखळतो. माउलींना फूल, चांदणे, वारा यांचे कितीतरी दाखले देता आले असते आणि त्यांनी दिलेही आहेत. पण इथे त्यांनी दात घेतला. ज्या दातांनी मांजर उंदीर फोडते तेच दात. मांजरीने पिल्लासाठी दात काढून ठेवलेले नाहीत. दात लागतात, पण धरणे वेगळे असते. जिवाला तोंड आहे, दात आहेत, पोट आहे, आणि ते असणारच. प्रश्न धरण्याचा आहे.

तुकोबांच्या एका अभंगातही हेच सापडते, जरा अनपेक्षित रीतीने. देव उच्च-नीच पाहत नाही हे सांगताना त्यांनी देवाची कामे मोजली आहेत. तो रोहिदासाबरोबर कातडे रंगवतो, चोखोबांबरोबर मेलेली ढोरे ओढतो, सजन कसायाला मांस विकू लागतो, सावतोबांच्या मळ्यात खुरपतो. आपण हा अभंग टाळांच्या गजरात म्हणतो आणि सावतोबांच्या मळ्यापाशी आपला स्वर चढतो. सजन कसायाच्या ठिकाणी तो तितकासा चढत नाही, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. दोन्ही कामे जवळजवळ ठेवण्याचा तुकोबांचा हेतू जातीचा उतरंडा मोडण्याचा होता हे उघड आहे. पण त्यातून आणखीही काही निघते. खुरपणे म्हणजे काय? तण उपटणे. हरळीला जीव आहे, लव्हाळ्याला जीव आहे, माठाला आहे. भाजी जगावी म्हणून त्यांना उन्हात उताणे टाकायचे. अरणच्या मळ्यात पंढरीनाथ खुरपे घेऊन बसला तेव्हा तो हेच करत होता. देव जगण्याच्या या देवघेवीबाहेर काठावर उभा राहिला नाही. तो वाफ्यात उतरला.

याचा अर्थ सगळे सारखेच, तेव्हा काहीही खावे, असा मुळीच नाही. संप्रदायाचा नियम नियम आहे, आणि तो पाळणाऱ्याच्या जगण्यात फरक पडतो हे वर आलेच आहे. पण माळ म्हणजे निर्दोषपणाचा दाखला नव्हे. ज्याला वाटते की माळ घातली आणि आपल्या हातून जीव जाणे बंद झाले, त्याला माळ जड होत नाही, हलकी होते. आणि हलकी झाली की तो तिने दुसऱ्याचे ताट मोजायला लागतो. कोळीवाड्यातल्या, धनगरवाड्यावरच्या, आदिवासी पाड्यावरच्या माणसाकडे नाक मुरडून पाहणारा माळकरी मी पाहिला आहे, तुम्हीही पाहिला असेल. समुद्रकाठी पिढ्यान्‌पिढ्या जाळ्यावर पोट भरलेल्या माणसाला तोंडाने 'माउली' म्हणायचे आणि पंगतीत पाट वेगळा मांडायचा, ही कुंपणाची अहिंसा झाली. फांद्या तोडून झाडालाच घातलेले कुंपण.

तेव्हा मेथीचा प्रश्न कोणी विचारला तर मला वाटते खरे उत्तर असे द्यावे: होय दादा, तिलाही जीव आहे, आणि तो मी घेतला आहे. जितके कमी घेऊन भागेल तितक्यात भागवायचा माझा नेम आहे. यात विचारणारा हरत नाही आणि आपण जिंकत नाही. पण यानंतर जेवताना हात जरा सावकाश चालतो.

आणि तो सावकाश चालला तर पुष्कळ गोष्टी दिसू लागतात. वारीतल्या पंगती उठल्यावर मागे काय उरते ते पाहा. अर्ध्या खाल्लेल्या चपात्या, भाताचे ढीग, हाताने चिवडून टाकलेली भाजी, एक कण न खाल्लेला शिरा. अन्नदान करणाऱ्याने श्रद्धेने वाढले, घेणाऱ्याने 'आणखी थोडे' म्हटले, आणि ते कडेच्या चरात गेले. जेवणाला आपण यज्ञकर्म म्हणतो. रब्बीची ज्वारी शेतात साधारण चार महिने उभी असते, थंडीच्या दवावर आणि जमिनीतल्या ओलीवर. तिचे कणीस पाखरांपासून राखलेले, खुडलेले, मळलेले, दळलेले. मांसाला शिवत नाही म्हणणाऱ्याने भाकरी चरात टाकली, तर त्याने जीव घेतला तर खराच, वर तो फुकट घालवला. मला विचाराल तर आपल्या वाटेवरची सर्वांत मोठी हिंसा या पत्रावळीत आहे, आणि ती आपण मोजत नाही कारण तिच्यातून रक्त येत नाही.

रिंगणात माउलींचा अश्व धावून गेला की त्याच्या टापेखालची माती आपण कपाळाला लावतो. चांगलेच आहे. त्याच दिवशी दुपारी सामानाच्या गाडीचा बैल मानेवर फोड घेऊन उन्हात उभा असेल, तर त्याच्या पुढ्यात पाण्याची बादली कोणी ठेवली हेही विचारावे. नाथांच्या कावडीची गोष्ट सांगणारे महाराज त्या बैलाच्या सावलीतच उभे असतात कधी कधी. चंद्रभागेचेही तेच. तिच्यात मासे आहेत, कासवे आहेत, डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव आहेत, आणि तेही श्वास घेतात, पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतात. आपण पुण्य म्हणून जे तिच्यात सोडतो ते कुजताना तोच प्राणवायू खाते. स्नान करून वर येणाऱ्याने निर्माल्याची पिशवी हातातच ठेवली तर पाण्यातल्या त्या जिवांचा श्वास तेवढा तरी वाचतो.

आपल्यापैकी बहुतेकजण पाऊस पडून पेरणी झाली की घर सोडतात. बी मातीत टाकायचे आणि पाठ फिरवून पंढरीची वाट धरायची, ही शेतकऱ्याची वारी. तुम्ही दिवेघाट चढत असता तेव्हा तिकडे बाजरीच्या दाण्याने पाणी पिऊन साल फोडलेली असते. तुम्ही रिंगणात नाचता तेव्हा तिला दोन-तीन पाने फुटलेली असतात. तिच्याकडे पाहायला कोणी नाही आणि तिला कोणी पाहावे अशी तिची अपेक्षाही नाही. पौर्णिमेला गोपाळपुरात काला होईल, तुम्ही एसटीला गर्दीत उभे राहून गावी पोचाल. बांधावर जाल तेव्हा पीक गुडघ्याएवढे आलेले असेल आणि त्याच्या बरोबरीने तणही आलेले असेल, हरळी आणि लव्हाळा आणि केना, सगळे पावसाने टवटवीत. दुसऱ्या दिवशी सकाळी घरातली माणसे खुरपी घेऊन ओळीने शेतात उतरतील, आणि तुम्हालाही त्यांच्यात बसावे लागेल.